घरातला फोन मुलाच्या हाती देताना: पालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

हा लेख तीन ते तेरा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. त्यातही ज्या घरांत मुलासाठी वेगळे उपकरण नाही आणि आईचा, बाबांचा किंवा आजोबांचा फोनच मुलाच्या हातात जातो, अशा घरांचा विचार त्यात मुख्यतः केला आहे. करोनाच्या काळात शाळा फोनवर आली. पुढे वर्ग पुन्हा भरू लागले तरी गृहपाठ, सूचना आणि वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप फोनवरच राहिला. त्यामुळे ‘मुलाला फोन द्यायचाच नाही’ हा सल्ला ऐकायला बरा वाटला तरी बहुतेक घरांत तो आठवडाभरही टिकत नाही. पालकांसाठीच्या तयार सल्ल्यांत मुलाचा स्वतःचा टॅब्लेट गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे मात्र ज्या फोनवर मूल बडबडगीते पाहते, त्याच फोनवर बँकेचे ॲप असते, कामाचे निरोप येतात आणि रात्री उशिरा घरातले कोणीतरी खुनाच्या तपासाच्या कथाही पाहत असते.

‘दिवसाला किती वेळ चालेल?’ हा प्रश्न पालक सर्वांत आधी विचारतात. त्याच्याही आधीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे पुढचा व्हिडिओ कोण निवडतो. आईने निवडून दिलेली चाळीस मिनिटांची एक गोष्ट पाहणारे मूल आणि तेवढाच वेळ अंगठ्याने शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबवरचे अगदी छोटे व्हिडिओ, वर सरकवणारे मूल, यांची वेळेची नोंद सारखीच होते. पण पहिल्या मुलाला सुरुवात, मध्य आणि शेवट असलेले काहीतरी मिळते, तर दुसऱ्याच्या पाहण्याला शेवटच नसतो, कारण ते पाहणे संपू नये अशीच त्याची रचना केलेली असते. पुढे दिलेल्या बहुतेक पायऱ्या ही निवड यंत्राकडून काढून घरातल्या माणसांच्या हाती आणण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त नोंद ठेवा

या आठवड्यात कोणताही नियम करू नका आणि रागावूही नका. एका वहीत रोज रात्री चार गोष्टी लिहा: मुलाने फोन किंवा टीव्ही कोणत्या वेळी पाहिला, काय पाहिले, ते कोणी लावून दिले आणि बंद करताना काय झाले. चौथी गोष्ट पालक सहसा लिहीत नाहीत, पण सर्वांत जास्त माहिती तिच्यातूनच मिळते, कारण एखादा कार्यक्रम संपल्यावर मूल सहज उठते आणि दुसरा बंद केल्यावर जमिनीवर लोळण घेते, हा फरक त्या वहीतच दिसतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या नावाखाली कोणते ॲप किती वेळ उघडे होते याचा हिशोब मिळतो. यूट्यूबची वॉच हिस्टरी उघडली तर व्हिडिओंची नावेही दिसतात. फोन सामायिक असल्यामुळे त्या हिशोबात मोठ्यांचे पाहणेही मिसळलेले असते, हे मात्र लक्षात ठेवावे. तो आकडा पाहून आधी स्वतःचीच मान खाली जाण्याची शक्यता बरीच असते.

आठवड्याच्या शेवटी वही चाळताना दोन गोष्टी शोधा. फोन कोणत्या वेळी ‘लागतो’, ही पहिली. बहुतेक घरांत हे प्रसंग ठरलेले निघतात: जेवण भरवताना, संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी आणि झोपण्यापूर्वी. फोनमुळे काय मागे पडले, ही दुसरी. अंगणातला खेळ, झोप, घरातल्यांशी गप्पा यांतले काहीच मागे पडले नसेल, तर काळजीचे कारण बरेच कमी आहे. झोपेची वेळ साडेनऊवरून अकरावर गेली असेल, तर नियमांची सुरुवात तिथूनच करायला हवी.

दुसरी पायरी: वयाप्रमाणे अपेक्षा ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एक वर्षाखालील बाळांना स्क्रीन मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा मानावी, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले, असे त्यांत म्हटले आहे. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या सूचनाही याच दिशेच्या आहेत: दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, अपवाद नातेवाइकांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा, दोन ते पाच वर्षांपर्यंत मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी. एक तास ही मर्यादा आहे, तो रोज पुरा करायचा कोटा नव्हे. दहा वर्षांच्या पुढे तासांच्या हिशोबाचा उपयोग कमी होत जातो. झोप, अभ्यास, मैदान आणि घरातला संवाद यांचा वेळ आधी राखून ठेवावा आणि उरलेल्या वेळातच स्क्रीन बसवावी.

तिसरी पायरी: फोन मुलाच्या हातात जाण्याआधी तयार करा

हे काम एका निवांत दुपारी, मूल शाळेत असताना करावे. तास-दीड तास लागेल, परंतु पुढे रोज होणारी निम्मी भांडणे त्यामुळे टळतात.

सुरुवात यूट्यूबपासून करा. सामायिक फोनवर घरातील सर्वांच्या पाहण्यातून एकच शिफारस-यादी तयार होते. रात्री मोठ्यांनी पाहिलेल्या अपघातांच्या, भांडणांच्या किंवा भुताखेतांच्या व्हिडिओंचे भाऊबंद सकाळी मुलापुढे येतात, ते मुलाने काही वाईट शोधले म्हणून नव्हे. यावर सोपा उपाय असा की, मुलासाठी मूळ यूट्यूब उघडूच नये; ‘यूट्यूब किड्स’ हे वेगळे ॲप घ्यावे. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे वयोगट आहेत. मात्र वयोगट निवडला म्हणजे काम झाले, असे समजू नका. गाळणी यंत्राची आहे आणि तिच्यातून बरेच निरर्थक, भडक, खेळण्यांच्या छुप्या जाहिरातींचे व्हिडिओ सुटतात. लहान मुलांसाठी त्याच ॲपमध्ये ‘फक्त पालकांनी मंजूर केलेले’ दाखवण्याचा पर्याय आहे, तो निवडावा. दहा-बारा चांगले चॅनेल स्वतः पाहून मंजूर करावेत आणि शोधाची सोय बंद ठेवावी. ही यादी मुलाला तोकडी वाटेल अशी भीती पालकांना असते. प्रत्यक्षात चार-पाच वर्षांचे मूल एकच गोष्ट वीस वेळा आनंदाने पाहते, आणि त्या पुनरावृत्तीतूनच ते शब्द उचलते. याच ॲपमध्ये टायमरही आहे. वेळ संपली की ॲप स्वतःच बंद होते, त्यामुळे बंद करणारा खलनायक दरवेळी आईनेच व्हायला नको.

मूळ यूट्यूब वापरावेच लागत असेल, शाळेने पाठवलेल्या दुव्यांसाठी ते वापरावे लागतेच, तर तीन बदल करा. ऑटोप्ले, म्हणजे एक व्हिडिओ संपताच पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय, बंद करा. ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू करा. त्यामुळे मोठ्यांसाठीचा बराच मजकूर आणि प्रतिक्रिया लपतात, पण तो प्रत्येक उपकरणावर वेगळा चालू करावा लागतो आणि जाणते मूल तो सहज बंद करू शकते, म्हणून त्यावर विसंबून राहू नये. आणि वॉच हिस्टरी थांबवून ठेवा किंवा अधूनमधून पुसा. नकोसा व्हिडिओ समोर आला तर नुसते पुढे जाऊ नका. त्याच्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर दाबून ‘या चॅनेलची शिफारस करू नका’ हा पर्याय निवडा.

दुसरे काम फोनला कुंपण घालण्याचे. अँड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ‘ॲप पिनिंग’ अशी सोय असते, काही कंपन्यांच्या फोनमध्ये तिचे नाव थोडे वेगळे असते. ती चालू करून ‘काढताना पिन विचारा’ हा पर्याय निवडला की फोन एकाच ॲपमध्ये अडकतो. मूल गोष्ट पाहता पाहता तुमच्या कार्यालयीन ग्रुपवर हसरे चेहरे पाठवू शकत नाही. आयफोनमध्ये हेच काम ‘गायडेड ॲक्सेस’ करते. काही अँड्रॉइड फोनवर मुलासाठी वेगळा वापरकर्ता तयार करता येतो. तुमच्या फोनवर ती सोय असेल तर तीच वापरा, कारण त्यात तुमचे फोटो, निरोप आणि बँक मुलाच्या नजरेबाहेर राहतात. मुलाला वेगळे उपकरण आणि स्वतःचे गूगल खाते द्याल तेव्हा ‘फॅमिली लिंक’ हे गूगलचे पालकांसाठीचे ॲप लावा. त्यातून ॲपची वेळ ठरवता येते, झोपेच्या वेळी फोन कुलूपबंद करता येतो आणि नवे ॲप घेण्यापूर्वी तुमची परवानगी मागितली जाते.

तिसरे काम पैशांचे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीपूर्वी पडताळणी मागितली जाईल असे ठरवा. यूपीआयचा पिन मुलासमोर टाकू नका. सहा वर्षांचे मूल चार आकडे पाहता पाहता पाठ करते. यूपीआय लाइटमध्ये छोट्या रकमांना पिन लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते; फोन मुलाच्या हातात जात असेल तर ती सोय बंद ठेवणे बरे. आपोआप होणारी वर्गणी कुठे चालू आहे का, तेही त्याच दिवशी पाहून घ्या.

शेवटी व्हॉट्सॲप. येणारे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवले जाणार नाहीत आणि गॅलरीत दिसणार नाहीत, अशा दोन वेगवेगळ्या सेटिंग आहेत, दोन्ही करा. सोसायटीच्या किंवा जुन्या मित्रांच्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांमागोमाग अपघाताचे रक्तबंबाळ दृश्य येते, आणि मुलाच्या डोळ्यांना ते पहिल्यांदा बहुधा वडिलांच्या गॅलरीतच दिसते.

चौथी पायरी: घराचे नियम वेळेपेक्षा जागेने बांधा

‘दिवसाला पाऊण तास’ हा नियम राबवायला रोज घड्याळ आणि रोज वाद लागतो. ‘ताटावर फोन नाही’ आणि ‘झोपण्याच्या खोलीत फोन नाही’ हे नियम तीन वर्षांच्या मुलालाही कळतात. रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. गजरासाठी साधे घड्याळ घ्यावे, म्हणजे ‘गजर लावायचाय’ ही मोठ्यांची सबबही उरत नाही.

सर्वांत कठीण प्रसंग जेवणाचा. मोबाइल दाखवल्याशिवाय घास उतरत नाही, ही तक्रार प्रत्येक बालवाडीत ऐकू येते. स्क्रीनकडे पाहणारे मूल भूक लागल्यावर किंवा पोट भरल्यावर मिळणाऱ्या खुणांकडे लक्ष देत नाही. आपण भरवतो आणि ते गिळते. ही सवय मोडताना एकदम तिन्ही जेवणांवरचा फोन काढू नका. ज्या जेवणाला मूल सर्वांत भुकेले असते त्यापासून, बहुधा शाळेतून आल्यानंतरच्या जेवणापासून, सुरुवात करा. त्यावेळी घरातले कोणीतरी त्याच्यासोबत स्वतःचे ताट घेऊन बसावे, वाढायचे ते थोडे वाढावे, मुलाला स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे आणि अर्ध्या तासाने, ताटात उरले असले तरी, ताट उचलावे. पुढच्या जेवणापर्यंत बिस्किटे, चिवडा किंवा दूध देऊ नये. पहिले काही दिवस रडारड होईल आणि खाणेही कमी होईल. निरोगी मूल त्यातून सावरते. वजन आधीच कमी असेल किंवा गिळताना, चावताना अडचण दिसत असेल, तर मात्र हा प्रयोग बालरोगतज्ज्ञांना विचारूनच करावा. फोन काढून त्याजागी टीव्ही लावू नये, हेही सांगायला हवे, कारण बऱ्याच घरांत नेमके तेच होते.

संध्याकाळसाठी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२२ सालापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, त्यानंतर दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात आणि मुले अभ्यासाला व मोठी माणसे वाचनाला किंवा गप्पांना बसतात. या उपक्रमाचे मर्म भोंग्यात नाही, तो सर्वांसाठी वाजतो यात आहे. शेजारच्या घरातून मालिकेचे शीर्षकगीत ऐकू येत नाही आणि वडीलही फोन बाजूला ठेवतात, तेव्हा मुलाला आपल्यावरच अन्याय होतो असे वाटत नाही. एका कुटुंबाला गावाइतके करता येणार नाही; पण तीन घरांच्या मजल्यावर किंवा चाळीच्या एका गाळ्यात साडेसात ते साडेआठ अशी वेळ सर्वांनी मिळून ठरवणे शक्य असते, आणि मुले त्या वेळात आपोआप एकमेकांच्या दारात जमतात.

एकत्र कुटुंबात आजी-आजोबांच्या मालिकांचा प्रश्न नाजूक असतो. दिवसभर नातवंडांना सांभाळणाऱ्या आजीला ‘तुमच्यामुळे मूल बिघडते’ असे सुनावणे अन्यायाचे आहे आणि उपयोगाचेही नाही. त्याऐवजी दुपारी, टीव्ही बंद असताना, त्यांच्याशी बोलावे: ‘आई, तुमची मालिका तुम्ही जरूर पाहा, फक्त भांडणाची आणि मारहाणीची मालिका चालू असेल तेव्हा चिंटूला मी आत घेऊन बसते.’ बातम्यांच्या वाहिन्यांबाबत मात्र अधिक ठाम राहावे. लहान मुलांना वारंवार दाखवलेले एकच दृश्य ही पुन्हा पुन्हा घडणारी घटना वाटू शकते. पूर, स्फोट किंवा अपघाताची चित्रफीत दिवसभर फिरत असेल तेव्हा सहा-सात वर्षांचे मूल घरात असताना तो टीव्ही बंद असलेला बरा.

बंद करण्याची पद्धतही ठरवून घ्या. ‘अजून पाच मिनिटे’ याला चार वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. ‘ही गोष्ट संपली की बंद’ हे त्याला कळते. सुरू करण्यापूर्वीच किती गोष्टी पाहायच्या ते ठरवा, शेवटची सुरू झाली की सांगा आणि संपल्यावर बंद करण्याचे बटण मुलालाच दाबू द्या. त्यानंतर लगेच करायचे काहीतरी तयार ठेवा, मग ते शेंगा सोलणे असो, अंघोळ असो किंवा खाली खेळायला जाणे. रिकाम्या हातांनी उठवलेले मूल दोन मिनिटांत पुन्हा फोनपाशीच येते.

पाचवी पायरी: सोबत पाहा आणि विचारा

रोज शक्य नसेल तर आठवड्यातून दोनदा मुलाच्या शेजारी बसून त्याचा आवडता कार्यक्रम पाहा. तो तुम्हाला कंटाळवाणा वाटेल, तरीही. मुलावर काय बिंबते आहे ते त्याच्याकडे चौकशी करून कळत नाही, शेजारी बसूनच कळते. मराठी घरातले पाच वर्षांचे मूल भावंडाशी भांडताना अचानक डबिंगच्या हिंदीत बोलू लागते, तेव्हा कार्यक्रमाने किती खोलवर शिरकाव केला आहे हे लक्षात येते. हिंदी येण्यात वावगे काही नाही, पण पाहिलेली गोष्ट रात्री झोपताना मराठीत सांगायला लावा. त्या सांगण्यात मुलाला काय समजले, काय भावले आणि कशाची भीती वाटली, हे सगळे बाहेर येते.

जाहिरातींबाबत थोडे सविस्तर बोलावे लागेल. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना जाहिरात ओळखता आली, तरी ती आपल्याला काहीतरी विकण्यासाठी केलेली आहे हा हेतू नीट उमगत नाही. टीव्हीवर निदान कार्यक्रम थांबून जाहिरात येते. व्हिडिओत मात्र खोके उघडून खेळणी दाखवणारा मुलगाच जाहिरात असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर जंक फूडची जाहिरात करायला मनाई आहे, पण क्रिकेटच्या सामन्यात आणि कुटुंबासाठीच्या कार्यक्रमांत मुले तीच जाहिरात पाहतातच. तेव्हा घरीच एक खेळ सुरू करा: जाहिरात दिसली की ‘हे काय विकतायत?’ असे विचारायचे, आणि पुढचा प्रश्न, ‘काय दाखवलं नाही?’ उंची वाढवणाऱ्या पेयाच्या जाहिरातीत साखर किती ते दाखवत नाहीत. मग ती बाटली दुकानात हातात घ्या आणि मागचे लेबल मुलालाच वाचू द्या. चौथी-पाचवीच्या मुलांना यात गुप्तहेरगिरीची मजा वाटते, आणि ‘मला तेच हवं’ हा हट्ट पूर्ण थांबला नाही तरी त्यावर बोलता येते.

मोठ्या मुलांशी बोलताना प्रश्न बदलतात. हा माणूस हे फुकट का सांगतो आहे? हा व्हिडिओ लोकांनी रागावून पुढे पाठवावा म्हणून केला आहे का? यातल्या मुली फक्त रडतात किंवा नाचतात, असे का? पालकांनी उत्तर देण्याची घाई करू नये. प्रवचन सुरू झाले की बारा वर्षांचे मूल हेडफोन लावते.

सहावी पायरी: ओटीटी आणि चित्रपट

इथे काम थोडेच आहे. भारतात ओटीटीवरील, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवांवरील, कार्यक्रमांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि फक्त प्रौढांसाठी अशा श्रेणी द्याव्या लागतात, आणि १३ वर्षांवरील श्रेणीपासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय देणे बंधनकारक आहे. चित्रपटगृहांतील चित्रपटांनाही २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ या, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या, श्रेणीतच ७, १३ आणि १६ असे उपगट मिळाले आहेत. प्रत्येक ओटीटी ॲपमध्ये मुलासाठी वेगळे प्रोफाइल करा आणि, हे बहुतेक जण विसरतात, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. नाहीतर मूल फक्त शेजारच्या चित्रावर बोट ठेवते. श्रेणी वय सांगते, तुमच्या मुलाचा स्वभाव सांगत नाही. अंधाराला घाबरणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला ‘७ वर्षांवरील’ चित्रपटही रात्रभर जागवू शकतो.

सातवी पायरी: गेम

गेम मुलाने एकट्याने आणि ऑफलाइन खेळायचा असेल, तर चिंता कमी. अनोळखी लोकांसोबत खेळायचे, बोलायची सोय असलेले आणि आत पैसे खर्च करता येणारे गेम वेगळ्या तराजूत तोलावे लागतात. असा गेम घेऊ देण्यापूर्वी तुम्ही स्वतः दोन दिवस खेळा. आवाजी गप्पा बंद करता येतात का, मैत्रीच्या विनंत्या रोखता येतात का, हे तेव्हाच समजते. सामना अर्धवट असताना फोन हिसकावला की मुलाच्या लेखी तुम्ही त्याच्या संघाला फसवलेले असते, म्हणून ‘सातला बंद’ असे न म्हणता ‘दोन सामने’ असे मोजा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. पण गेममधले पोशाख, शस्त्रे आणि ‘डायमंड’ नावाचे गेमपुरते चलन विकत घेणे त्यात येत नाही, आणि पालकांच्या खात्यातून पैसे जातात ते बहुधा तिथूनच. मुलाला गेममध्ये काही घ्यायचेच असेल, तर ते त्याच्या खाऊच्या पैशांतून, तुमच्या समोर आणि महिन्यातून एकदाच.

आठवी पायरी: दहा वर्षांनंतर ग्रुप आणि सोशल मीडिया

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींच्या नियमांनुसार खाते उघडण्यासाठी किमान १३ वर्षे पूर्ण असावी लागतात. पाचवीतल्या वर्गमित्रांचा ग्रुप आहे म्हणून जन्मवर्ष खोटे टाकून खाते काढून देणारे पालक एक गोष्ट गमावतात: इन्स्टाग्रामने किशोरवयीनांसाठी जी संरक्षणे ठेवली आहेत, ती खऱ्या वयावरच चालू होतात. भारतात २०२५ पासून लागू झालेल्या या ‘टीन’ खात्यांत खाते मुळातच खासगी असते, अनोळखी व्यक्ती निरोप पाठवू शकत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना शांत राहतात आणि १६ वर्षांखालील मुलाला हे सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. खोट्या वयाच्या खात्याला यातले काहीच मिळत नाही. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांच्या सोशल मीडिया खात्यांवर बंदीच घातली आहे. तसा कायदा आपल्याकडे येईल की नाही याची वाट न पाहता, तेरापर्यंत खाते नाही एवढे तरी वर्गातल्या चार-पाच पालकांनी एकत्र ठरवावे. एकटे पडलेले मूल लपूनच खाते काढते.

व्हॉट्सॲप वापरायला लागलेल्या मुलाच्या फोनमध्ये ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते’ ही सेटिंग फक्त ओळखीच्या लोकांपुरती ठेवा. मुलाचा गणवेशातला फोटो, शाळेचे नाव आणि घराचा पत्ता एकत्र जाईल असे काही पालकांनीही टाकू नये. या बाबतीत चूक बहुधा मोठ्यांचीच असते.

आणि एक वचन मुलाला आधीच द्या: काही वाईट दिसले, कोणी धमकावले, कोणी फोटो मागितला किंवा हातून चूक झाली, तरी येऊन सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. धमकावणारे लोक ‘घरी कळलं तर तुझं काय होईल?’ याच भीतीवर जगतात. असे घडलेच तर पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, त्या व्यक्तीला नंतर ब्लॉक करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ फोन करा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. अश्लील चित्र मुलाचे असेल तर ते ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांना किंवा शाळेच्या ग्रुपवर पाठवू नका. तसे पाठवणे हाच गुन्हा ठरतो.

मदत केव्हा घ्यावी

दोन वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, डोळ्यांत पाहत नसेल किंवा दोन शब्द जोडत नसेल, तर फोन बंद करून सहा महिने वाट पाहू नका. स्क्रीन हे एक कारण असू शकते आणि नसूही शकते. ते तपासल्याशिवाय कळत नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत चालणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (तिथे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासतात) चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. मोठ्या मुलाची झोप मोडली, शाळा बुडू लागली, मित्र सुटले किंवा फोन काढल्यावर ते स्वतःला अथवा इतरांना इजा करू लागले, तर समुपदेशकाकडे जावे. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन-सेवेचा क्रमांक १४४१६ असून तिथे मराठीतही बोलता येते.

नियम लिहून फ्रिजवर लावले असतील तर ते दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी मुलासोबत बसून पुन्हा लिहावेत, कारण शाळेच्या दिवसांचे नियम सुट्टीत तुटणारच. मामाच्या घरी गेल्यावर तिथल्या मुलांचे नियम वेगळे असतील. यजमानांना शिकवायला जाऊ नये. ताट आणि अंथरूण या दोन जागा तेवढ्या तिथेही फोनविना ठेवायच्या, एवढे निघण्यापूर्वी मुलाशी ठरवून घ्यावे, आणि परत आल्यावर पहिले दोन-तीन दिवस कुरकुर होईल हे धरूनच चालावे.